शून्य झाडांचा डोंगर

सांगायला लाज वाटते, पण चूक माझीच होती. परदेशात वनशास्त्र शिकून मी अकोले तालुक्यातल्या आमच्या गावी परतलो आणि कुणालाही न विचारता उजाड डोंगराचा अहवाल लिहिला: ‘झाडे शून्य. तोडलेल्या झाडांचे खुंट उपटून नवी रोपे लावावीत.’ तो वाचून वनखात्याचे साहेब जेसीबी घेऊनच आले.

गावाने मात्र तीन वर्षं पाळीपाळीने राखण करून ते खुंट जपले होते. ऐन आणि हिरडा या झाडांच्या खुंटांना फूट येत होती आणि मधल्या जागेत बाया वरई पेरत होत्या.

"आजी, बाजूला व्हा," साहेब म्हणाले. "इथे झाडंच नाहीत!"

गावातली म्हातारी ठकूबाई जेसीबीसमोरून हलली नाही. साहेब नुकतेच तिरुपतीहून आले होते. त्यांच्या तुळतुळीत डोक्याकडे बघत तिने विचारलं, "साहेब, आता नवे केस कधी लावणार?"

"लावायचे कशाला? मुळं आहेत, आपोआप येतील."

"आमच्या डोंगराचंबी मुंडणच झालंय. मग त्याचीच मुळं का उपटता?"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. साहेब चिडले. "झाडं नाहीत, हे तुमच्याच पोरानं लिहिलंय!"

ठकूबाईने माझ्याकडे पाहिलं. "लिव्हलं आसंल. लेकरू उभ्यानं मोजत होतं. वाकलं आसतं तर दिसली आसती."

स्वतःच्याच उत्तरात अडकलेल्या साहेबांनी जेसीबी माघारी वळवला. मी कुणाच्या नजरेला नजर न देता तिथेच वाकलो. पहिल्याच खुंटाला सात फुटवे होते.