पंखावरचा ठसा

महायुद्धातल्या एकाच समुद्री विमानाची दोन मॉडेल्स एका कपाटात शेजारी राहत होती, तेव्हाची ही गोष्ट. जुनं मॉडेल केळुसकरांनी कॉलेजात असताना जोडलेलं. नवं अजून खोक्यातच होतं.

“तुझ्या पंखाला केवढी फट! माझे भाग कसे चपखल बसतील!” नवं म्हणायचं.

निवृत्तीनंतर एके दिवशी केळुसकरांनी खोकं उघडलं. हात थरथरला आणि चिमट्यातला इवलासा भाग खाली पडला.

“निवांतपणी करू म्हणून ठेवलं होतं गं,” ते बायकोला म्हणाले आणि त्यांनी झाकण लावलं.

बऱ्याच वेळाने नव्या मॉडेलने विचारलं, “तुझ्या पंखावर तो डाग कसला?”

“त्याच्या अंगठ्याचा ठसा. गोंद वाळेपर्यंत धीर नव्हता त्याला.”

खोक्यातून हळूच आवाज आला, “माझ्यावर एकसुद्धा नाही.”