कोळशाची घार

पिल्लंसुद्धा चित्रांची पुस्तकं बघत, त्या काळातली ही गोष्ट. घारीने दोन पिल्लं उचलून नेली, तेव्हा कोंबडीने उरलेल्या पाचांच्या पुस्तकात घारीचं चित्र काढून मागितलं.

मोराने सात रंगांत घार रंगवली. "अय्या, कित्ती छान!" म्हणत पिल्लं चित्राला बिलगली. कोंबडीने घाईने पान उलटलं.

मग कावळ्याने कोऱ्या पानावर कोळशाने नुसते पसरलेले पंख काढले.

मोर हसला, "अरे काळ्या, रंग कुठायत?"

"मोरोबा, भर उन्हात मान वर करून घार बघा. दिसतात का रंग?"

ते पान उघडताच पिल्लं आईकडे पळाली.

दुपारी अंगणात खरीच सावली फिरली. कोंबडीने हाक मारण्याआधीच पाच इवल्या चोची तिच्या पोटाला टोचू लागल्या.