साळुंकीला न विचारलेला प्रश्न

एका राज्यात गादीवर राजा धवलसेन होता, पण हुकूम चाले तो भीतीचा. त्याचं असं झालं. एका धनगराच्या अंगावर ऊन लागलं की फोड येत, त्याचे दात तांबूस दिसत. लोकांनी त्याला रक्तपिशाच्च ठरवलं आणि कड्यावरून लोटलं. दुसऱ्या दिवशी एक विहीर लाल झाली. त्याचे सोबती सूड उगवताहेत असं सगळ्यांनी ठरवून टाकलं, आणि सोबत्यांचा शोध सुरू झाला.

धनगराची पारख केली होती दरबाराचा पारखी रुद्राजी याने, आता पुढची पारखही त्याच्याकडेच आली. त्याच्याजवळ एका मांत्रिकाने दिलेली साळुंकी होती. ती खोटं बोलत नसे, आणि एका माणसाच्या पारखीत तीनच प्रश्नांची उत्तरं देई. संशयिताला तीन दिवस उपाशी कोंडायचं, मग विचारायचं: हा उन्हाने भाजतो का? लसणाने याच्या पोटात कळा येतात का? याची लघवी रक्तासारखी होते का? तिन्ही वेळा 'हो' आलं की कडा. धनगर धरून सात माणसं गेली, विहिरीही सातच लाल झाल्या, तरी एवढ्या शहाण्यांच्या दरबारात कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

आठव्या वेळी शिपायांनी सगुणाला आणलं. ती रुद्राजीची एकुलती एक लेक. वाळवण घालताना तिचे हात फोडांनी भरले होते, ते शेजारणीने पाहिलं होतं.

रुद्राजीने स्वतःच्या हाताने कोठडीला कडी घातली. नियम त्याचाच होता, आता कुठल्या तोंडाने बोलणार? दुसऱ्या दिवशी पोर पोट धरून लोळू लागली. तिसऱ्या सकाळी तिच्या भांड्यात तांबडंलाल पाणी होतं.

"बाबा, मी कुणाचं रक्त प्यायलेय का हो?" तिने दाराआडून विचारलं.

"नाही, बाळ."

"मला आठवत नाही. पण सगळे म्हणतात, तर प्यायलेही असेन."

त्या सातांपैकीही कुणाकुणाला शेवटी असंच वाटलं असेल, हे रुद्राजीला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

दुपारी दरबार भरला. राजा म्हणाला, "पारखी, विचारा."

ठरलेले प्रश्न सवयीने त्याच्या जिभेवर आले. त्याने ते गिळले. "साळुंकी, सगुणाने कधी कुणाचं रक्त प्यायलं आहे का?"

"नाही."

"हा प्रश्न नियमात नाही," राजा म्हणाला. "नियम मोडणाऱ्यालाही कडाच आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, महाराज. पण आजवर हे कुणी विचारलंच नाही. मीही नाही." तो पुन्हा साळुंकीकडे वळला. "साळुंकी, मग हिला झालंय काय?"

"तिचं रक्तच आजारी आहे. उन्हाने अंग भाजतं, उपासाने दुखणं भडकतं. सावलीत ठेवा, गूळभात द्या, उतार पडेल."

दरबारात कुजबुज झाली. राजा म्हणाला, "पोर सुटली. मग विहिरी कुणी लाल केल्या? उद्या दुसरा संशयित आणा."

एक प्रश्न उरला होता. उत्तर काय येणार याचा रुद्राजीला अंदाज होता आणि त्याची त्याला कड्याहून जास्त भीती वाटत होती. गप्प बसून लेकीला घरी नेता आलं असतं. पण उद्या त्या कोठडीत दुसऱ्या कुणाची तरी लेक असती.

"विहिरी कशाने लाल झाल्या?"

"निरपराध मारला की एक विहीर लाल होते, हा या भूमीला जुना शाप आहे. सात विहिरी, सात माणसं, सगळी तुझ्या पारखीतली. मारणाऱ्याने नावं घेऊन कबूल केलं की पाणी निवळेल."

रुद्राजी चौकात उभा राहिला आणि एकेक नाव घेत गेला. एकेका नावासरशी एकेक विहीर निवळली. राजाने पारखीचा नियम रद्द केला आणि असल्या आजाऱ्यांसाठी सावलीची घरं बांधवली. सगुणा आठ दिवसांत उठून बसली. रुद्राजीला कडा चुकला, पण राजाने त्याला सातही घरी जायला सांगितलं.

सहा दारं उघडली नाहीत. सातवं एका कोष्ट्याच्या म्हाताऱ्या विधवेने उघडलं.

"माझी लेक तशी नव्हती?" तिने विचारलं.

"नव्हती, आई. चूक माझी होती."

रक्तपिशाच्चासाठी रडायला राज्यात बंदी होती. म्हातारी उंबऱ्यावर बसली, आणि तीन वर्षांनी लेकीचं नाव घेऊन मोठ्याने रडली. रुद्राजी मान खाली घालून तिथेच उभा राहिला.