शंभर वॉटचा मोठेपणा

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला संस्थेचे अध्यक्ष धुमाळसाहेब आपले नाव रंगवलेला शंभर वॉटचा दिवा घेऊन आले आणि तो पंधरा वॉटच्या दिव्याशी एकसर, म्हणजे एकाच तारेवर एकामागे एक, जोडायला लावला. प्रयोगशाळेतल्या शेलारमामांनी तसा जोडला. बटण दाबताच छोटा दिवा उजळला; साहेबांचा मात्र काळाठिक्कर.

"मुद्दाम केलंस! उद्यापासून कामावर येऊ नकोस!"

साहेब मामांवर ओरडले. तेवढ्यात विज्ञानाच्या करंदीकरबाई म्हणाल्या, "साहेब, जोडणी बरोबर आहे. तुमचा दिवा तुमच्यासारखाच मोठ्या मनाचा. वीज फारशी अडवत नाही, पुढे जाऊ देतो. छोटा अडवतो, म्हणून चमकतो. कुणाला अडवून चमकणं तुम्हाला कसं शोभेल?"

पालकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांना हसावेच लागले.

"राहू दे याला," ते पुटपुटले.

मामांनी बाईंना हात जोडले, मग त्या न पेटलेल्या दिव्यालाही.