गाबाचं दार

फार पूर्वी मेंदूच्या गावात ग्लुटामेट नावाचं रसायन ‘उठा, पळा!’ असं ओरडून पेशींना पेटवायचं. त्याच्यापासूनच जन्मलेली लेक गाबा पेशींची दारं उघडून आत मिठातले क्लोराइडचे कण सोडायची, मग त्या निवायच्या.

एकदा अख्खं गाव फेफऱ्यानं थरथरलं. गाबा एकटी पुरेना. तेव्हा डॉक्टरांनी धाडलेल्या गोळीबाईनं तिच्या हाताला हात लावला, दारं भराभर उघडली आणि गाव शांत झालं.

“गाव मी वाचवलं,” गोळीबाई मिरवू लागली. “ही पोर नुसतं ‘थांबा’ म्हणते!”

“मग हे दार एकटीनं उघडून दाखवा,” गाबा म्हणाली.

गोळीबाईनं सगळा जोर लावला. दार हललं नाही. गाबानं बोट टेकवताच ते उघडलं.

जन्मभर ओरडणारा बाप तेव्हा पहिल्यांदाच हळू बोलला, “लेक आहे माझी.”