किती आहेत, किती झाली

“...सहाही वेळा बरा केला, बाई. आणखी काय करायला हवं होतं?”

डॉक्टर निरंजन हुपरीकरांनी हे विचारलं खरं, पण त्यांना उत्तर नको होतं. शाबासकी हवी होती. कॉलेजातून पदक घेऊन आलेला माणूस, त्याची मान ताठ असायचीच. मी या मुलांच्या वॉर्डात तेवीस वर्षं सिस्टर आहे, मला ती मान लांबून ओळखू येते.

त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. तीन वर्षांच्या प्रज्वलला आज सुट्टी मिळणार म्हणून त्याच्या आईनं, अनुसयानं, आणलेला.

कुमुदबाई आमच्या सगळ्यांत वडीलधाऱ्या डॉक्टर. त्यांनी पुड्याकडे पाहिलं.

“राहू दे जरा. सहा वेळा, किती दिवसांत?”

“दीड वर्षात. चारदा न्यूमोनिया, दोनदा कान फुटला.”

“आणि सातव्यांदा आला तर?”

“तेव्हाही बरा करीन.”

बाई वळल्या. कॉटपाशी गेल्या. प्रज्वल बिस्किट चघळत बसला होता. अंगावरचा सदरा गेल्या वर्षीचा, तरी सैलच.

“याच्या घशाबद्दल काय लिहिलंयस?”

“घसा स्वच्छ आहे.”

“टॉन्सिल?”

“सुजलेले नाहीत.”

“मी सूज नाही विचारली.”

बाईंनी बॅटरी पुढे केली. डॉक्टर वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले...

“बाई, दिसतच नाहीत.”

“हं. घरच्यांचं काय लिहिलंयस?”

“दरवेळी विचारलंय. घरात कुणाला असा त्रास नाही. मूल हे एकच.”

बाई अनुसयाकडे वळल्या.

“मुलं किती आहेत गं?”

“एकच हाय की. हे.”

“आणि झाली किती?”

अनुसयानं पदर सारखा केला. मग पुन्हा सारखा केला.

“...दोन.”

“थोरला?”

“दीड वर्साचा हुता. न्यूमोनियानंच गेला.”

डॉक्टर लालबुंद झाले. “ताई, हे मला कधीच सांगितलं नाहीत तुम्ही.”

“तुम्ही किती हायेत इचारलं, डॉक्टर. हायेत तेवढं सांगितलं.”

बाई नुसत्या उभ्या होत्या, हात मागे बांधून.

डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि बसले. याआधी सहा वेळा त्यांनी उभ्यानंच विचारलं होतं, हे मी पाहिलेलं आहे.

“ताई... तुमच्या आईला किती मुलं झाली?”

“चार. आम्ही तिघी बहिणी. अन् एक भाऊ. रांगता हुता तवा गेला.”

“तोही तापानं?”

“ताप, खोकला. सारखंच काहीतरी. आई म्हणती, नशिबात नव्हता.”

डॉक्टरांनी खिशातला सुट्टीचा कागद काढला आणि फाडला.

“आज घरी जायचं नाही, ताई. मी दरवेळी नवा आजार समजून औषध देत राहिलो. माझं चुकलं. याच्या घशात टॉन्सिलच नाहीत, म्हणजे अंगात जन्मापासूनच प्रतिकारशक्ती कमी असावी, म्हणून हा पुन्हा पुन्हा आजारी पडतो. थोरल्याचंही तेच असेल, तुमच्या भावाचंही. रक्त आजच तपासायला पाठवतो.”

“मंग हे तरी राहील ना?”

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. उत्तर डॉक्टरांनाच द्यायचं होतं.

“तपासणीत तसं निघालं तर दर महिन्याला सलाईनमधून औषध द्यावं लागेल. बहुतेक जन्मभर. पण वेळेवर औषध मिळालेली पुष्कळ मुलं शाळेत जातात, खेळतात. आणि ताई, हा आजार आईकडून मुलग्यांत उतरतो. तुमच्या बहिणींना मुलगे आहेत का? झालेत का? त्यांनाही बोलावून घ्या.”

अनुसयानं प्रज्वलला मांडीवर ओढलं आणि एक एक नाव सांगू लागली. डॉक्टर लिहून घेत होते. मान खाली होती.

मी पुष्कळ डॉक्टर पाहिलेत. पेशंटच्या आईसमोर ‘माझं चुकलं’ म्हणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. खोटं कशाला सांगू, मला त्या पोराचा अभिमान वाटला.

बाई खिडकीपासून वळल्या. हात पुढे केला.

“निरंजन, आण आता तो पेढा.”