भिंतीपलीकडची केबल

"मग यातलं बंद काय करू, बुवा?"

पतपेढीचे मॅनेजर यशवंतराव हुपरीकर निरंजनबुवांसमोर कागद धरून बसले होते. गावाबाहेरच्या मठीत लोक मन:शांती मागायला येतात. हे टीव्हीच्या खर्चाचा तक्ता घेऊन आले होते, आणि तोही पट्टीने रेघा मारून.

"वाच की," बुवा म्हणाले.

"फायबरचं इंटरनेट, आठशे. मोबाइलवर सिनेमे-मालिका दाखवणारी पाच ॲपं, मिळून साडेपाचशे. डिश साडेचारशे. महिन्याला अठराशे झाले."

"आणि ह्यो शेवटचा रकाना?"

"तो शेजारच्या तानाजी सुताराचा. नुसती केबल. तीनशे. चित्रसुद्धा मधेच गोठतं त्याचं."

"त्याचा हिशेब तू का मांडलास?"

यशवंतरावांनी तो रकाना अंगठ्याने झाकला.

"पोटात दुखतंय, बुवा," शेवटी ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? जळतो मी त्याच्यावर."

"तीनशेच्या केबलवर?"

"रोज आठ वाजले की माझी बायको शालन त्यांच्याकडे जाऊन बसते. घरात भिंतीएवढा टीव्ही सोडून! सुताराकडं पाच माणसं, एक खोली, एक टीव्ही. तिथं हसतात काय, ओरडतात काय..."

"तुला कसं कळतं?"

"ऐकू येतं."

"तुझा टीव्ही चालू असताना?"

"मी आवाज बंद करतो."

"मग?"

"...भिंतीला कान लावतो."

पंचावन्न वर्षांचा माणूस, पण बोलताना कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

बुवांनी कागद ओढून घेतला. यशवंतरावांच्याच खिशातलं पेन काढलं. अठराशेच्या खाली तीनशे लिहिले, बेरीज केली आणि कागद परत दिला.

एकवीसशे.

"हे माझे नाहीत," यशवंतराव चिडले. "केबल त्याची आहे!"

"ऐकतोस की रोज."

यशवंतरावांनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"आमच्याकडं काय कमी आहे, बुवा? रिमोटवरून कटकट नको म्हणून मीच ज्याला त्याला वेगळा पडदा दिला. मला टीव्ही, पोराला लॅपटॉप, तिला टॅब. घरात चकार शब्द होत नाही."

"आणि सुताराकडं शालन काय करती?"

"भांडते."

"कुणाशी?"

"सुताराच्या म्हाताऱ्या आईशी. म्हातारीला कीर्तन हवं असतं, हिला मालिका. रिमोट ओढतात एकमेकींच्या हातातून. काल तर ही म्हणाली, 'म्हातारे, आज मी तुला सोडत न्हाई!' आणि दोघी खो खो हसल्या..."

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"माझ्याशी दोन वर्षांत एकदाही भांडली नाही हो ती. म्हणेन त्याला हो म्हणते आणि टॅब घेऊन आत जाते."

बुवांनी पेन त्यांच्या खिशाला परत लावलं.

यशवंतरावांनी डोळे पुसले, खाकरले आणि पुन्हा मॅनेजर झाले.

"असो. पण आता सांगा. फायबर, ॲप का डिश... बंद काय करू?"

"मला काय विचारतोस? शालनला विचार."

"बरं. विचारतो."

"आणि ती जे सांगंल, त्याला नाही म्हण."